पाण्यावरचा बांध

"अंतर किती होतं, ते आधी सांग."

कोणीही भांडण घेऊन आलं की बोसन सर पहिल्यांदा एवढंच विचारायचे. कोण चुकलं, आधी शिवी कोणी दिली, यातलं काहीही नाही. विचारताना मान तिरकी करून उजवा कान पुढे करायचे, कारण डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं. नवख्या माणसाला वाटायचं, हे आपल्यावर धावून येताहेत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका मारामारीतच. हिंजवडीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जहाजावरच्या नोकरीसाठी मुलं तयार करणारी एक संस्था आहे. तिथे मी इंग्रजी शिकवते. समुद्र तिथून काही तासांवर आहे, म्हणून आवारात सिमेंटचं एक जहाज बांधलंय. त्याला खरा नांगर आहे, खऱ्या साखळ्या आहेत, आणि चारी बाजूंना पाण्याऐवजी हिरवळ. हिरवळीवर चालू नये, अशी पाटी. "समुद्रात चालू नये, अशी पाटी म्या पुण्यातच बघितली," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी मेसमध्ये दोन मुलं स्टीलच्या ताटांनी एकमेकांना मारत होती. एकाची भुवई फाटली होती आणि रक्त डाळीत गळत होतं. बाकीची मुलं गोल करून उभी होती. निम्म्यांच्या हातात मोबाइल होते. हे आले आणि कोणालाही न ओढता दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. खाली येणारं ताट त्यांच्या खांद्यावर आपटलं. ते हलले नाहीत.

"त्यानं शिवी दिली तवा तू किती लांब होतास?"

"पाच-सहा फूट, सर."

"मग ते पाच फूट चालत कोण आलं?"

मुलानं हातातलं ताट खाली केलं.

"भांडण तिथं झालं. ताट मागनं."

तुम्हाला वाटेल, प्रकरण इथे संपलं. पण खरा राग त्यांना पुढे आला. ते वळले आणि गोल करून उभ्या असलेल्या मुलांवर असे ओरडले, की भटारखान्यातली माणसं बाहेर आली. "चाळीस जण होता तुम्ही! चाळीस! एकाचंबी पाऊल पुढं पडलं न्हाय?" मारणाऱ्या दोघांना शिक्षा झाली ती आठवडाभराची. बघणाऱ्या चाळीस जणांना त्यांनी महिनाभर नांगराची साखळी घासायला लावली.

जहाजावरच्या खलाशांचा जो मुख्य असतो, त्याला सारंग म्हणतात. हे तीस वर्षं सारंग होते. सारंगाला इंग्रजीत बोसन म्हणतात, म्हणून मुलं त्यांना बोसन सर म्हणत. मी वारज्यात राहते, तेही वारज्यातलेच, पण मी फ्लॅट घेऊन आलेली आणि ते वारजं खेडं होतं तेव्हापासूनचे. संस्थेच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. मला त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागे.

शेतकऱ्याचं पोर समुद्रावर कसं गेलं, असं मी एकदा विचारलं. चांदणी चौकात बस तासभर अडकली होती, म्हणून उत्तर पूर्ण मिळालं.

"आमचं आणि चुलत्याचं रान शेजारी. मधी बांध. चुलता दर पेरणीला नांगराचं एक तास आमच्या बाजूनं जादा घ्यायचा. एक तास म्हंजी वीतभर. आमचा बाप म्हनायचा, वीतभर मातीसाठी सख्ख्या भावाशी कोण भांडतंय? सातव्या वर्षी बघितलं, तर बैलगाडी जाईल एवढं रान गेलेलं."

"मग?"

"मग बाप कुऱ्हाड घेऊन गेला. सात वर्षं गप्प बसलेला माणूस. मी सतरा वर्षांचा. माझ्यासमोर चुलत्याचा हात कोपरापासनं लोंबला. कातडीवर. बाप तुरुंगात गेला, चुलता थोटा झाला, आणि मी घरातनं पळालो." मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्या दिवशी आजूबाजूच्या रानात चार शेतकरी होते. चुलत्यानं त्या चौघांचेबी बांध कोरलेले. चौघं आपापल्या बांधावर उभं राहून बघत होते."

संस्थेत एक चर्चासत्र ठरलं. 'सागरी सीमावाद आणि शेजारी राष्ट्रांची भूमिका' असं भारदस्त नाव. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक निवृत्त अधिकारी मुख्य पाहुणे होते. प्राचार्यांनी सारंगांनाही दहा मिनिटं दिली, कारण अशा वादात प्रत्यक्ष सापडलेला आमच्यात तो एकच माणूस होता. काय झालं होतं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. कान तिथे गेला, एवढंच माहीत होतं.

त्यांनी मला भाषण लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. संवाद, संयम, आंतरराष्ट्रीय कायदा, सामंजस्य, सगळं घातलं. त्यांनी बसमध्ये दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"छान हाय, मॅडम. पण यात कोणालाच लागलं न्हाय."

पाहुणे आधी बोलले. आवाज दमदार होता. धाकट्या देशांनी थोरल्याला एकदाच असा दणका द्यावा की पुन्हा हिंमत होऊ नये, असं ते म्हणाले. मुलांनी बाकं वाजवली, शिट्ट्या मारल्या. मग हे उठले. हातात कागद नव्हता.

"देशांची नावं मी सांगणार न्हाय," ते म्हणाले. "नाव घेतलं की तुम्ही बाजू घेता. मग ऐकत न्हाय. एक थोरला देश हाय, त्याच्याभोवती तीन-चार धाकटे, आणि मधी समुद्र."

एका धाकट्या देशानं समुद्राच्या तळाखालचं तेल शोधायला एक जहाज भाड्यानं घेतलं होतं. हे त्यावर सारंग होते. जहाजाच्या मागे मैलोगणती लांब केबल पाण्यात सोडलेली. केबलला कोणी धक्का लावू नये म्हणून दोन बाजूंना त्या देशातल्या मासेमारांच्या लाकडी होड्या राखणीला होत्या. उजवीकडच्या होडीवर एक म्हातारा कोळी होता. रोज संध्याकाळी तो सुकवलेले मासे टोपलीतून वर पाठवायचा. भाषा एकमेकांची येत नव्हती. यांनी त्याला राम राम म्हणायला शिकवलं होतं.

"ते पाणी धाकट्याचंच. कायद्यानं किनाऱ्यापासनं जेवढं अंतर ठरलंय, त्याच्या पार आत होतो आम्ही. थोरल्याची पांढरी जहाजं पहिल्या आठवड्यात पाच मैलांवर आली. दुसऱ्या आठवड्यात तीन. मग एक. आमचा कॅप्टन रोज म्हनायचा, मैलभरासाठी कशाला कटकट. मला माझा बाप दिसत होता."

मागच्या बाकांवरची मुलं पुढे सरकून बसली होती.

"आणि मग एका सकाळी ती आत घुसली. पहिल्यांदा केबल तोडली. तुटलेलं टोक चाबकासारखं मागं आलं आणि माझ्या एका खलाशाचा जबडा घेऊन गेलं. मग पाण्याचा मारा सुरू. पाणी म्हंजी तुम्ही गाड्या धुता तसलं न्हाय. त्यानं काच फुटती, बरगडी मोडती. माझ्या कानात गेलं आणि डोक्यात बाँब फुटल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांचं एक जहाज म्हाताऱ्याच्या होडीवर गेलं. बाजूनं न्हाय, मधोमध. होडी काडेपेटीसारखी चेपली."

म्हातारा आणि त्याची पाच माणसं पाण्यात. यांनी बचावाची होडी खाली सोडली, स्वतः उतरले. आधी पाचही जणांना वर ओढलं. म्हाताऱ्याला धरलं, तेवढ्यात थोरल्याची रबरी बोट आली. तिच्यातल्या माणसांच्या हातात कोयत्या होत्या. एकानं म्हाताऱ्याच्या पट्ट्याला हात घातला. त्याला कैदी हवा होता. एका बाजूनं हे ओढत होते आणि दुसऱ्या बाजूनं तो, मधे म्हातारा ओरडत होता, आणि दुसऱ्यानं यांच्या हातावर वार केला.

त्यांनी बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी रेघ होती. इतकी वर्षं ते पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालत, ते मला तेव्हा कळलं.

"आमच्या होडीत आकडी लावलेला बांबू होता. म्या तो उचलला आणि पट्टा धरलेल्याच्या तोंडावर घातला. सगळ्या ताकदीनं. नाक फुटल्याचा आवाज आला. तो मागं पडला, दोन होड्यांच्या मधी. एकदा वर आला. बावीस-तेवीस वर्षांचा असंल. तोंड न्हवतंच, नुसतं लाल. माझ्याकडं हात केला त्यानं. आणि लाटेनं दोन्ही होड्या जवळ आल्या."

मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. एकच. त्यांनी त्या दिशेनं बघितलं आणि ती थांबली.

"दोन मैलांवर दुसऱ्या एका धाकट्या देशाची दोन जहाजं उभी होती. डोळ्यांना दिसत होती. आमच्या कॅप्टननं रेडिओवर हाक मारली, माणसं बुडताहेत, या. त्यांचं उत्तर आलं, 'वुई आर ऑब्झर्व्हिंग.' आम्ही बघतोय. कारण त्याच पाण्यावरनं त्यांचंबी या धाकट्याशी भांडण होतं."

म्हातारा संध्याकाळपर्यंत जहाजाच्या डेकवर जिवंत होता. छाती दबली होती. हातानं खुणा करून तो सारखा आपल्या होडीबद्दल विचारत होता. यांनी तळहात वरखाली करून दाखवलं, तरंगतेय म्हणून. त्यावर तो झोपला, तो झोपलाच.

पाहुण्यांनी घसा साफ केला. "म्हणजे आपलं म्हणणं काय? धाकट्यांनी मार खायचा?"

"न्हाय साहेब. पण सातव्या वर्षी कुऱ्हाड घेऊन एकट्यानं जायचंबी न्हाय. धाकट्यांनी पहिल्यांदा आपसातले बांध ठरवायचे, खुंट्या ठोकायच्या, सह्या करायच्या. थोडं सोडावं लागंल, सोडायचं. मग थोरल्यानं पहिली वीत घेतली, की त्याच दिवशी चौघांनी मिळून जाऊन उभं राहायचं. ज्याची वीत गेली तो एकटा न्हाय, चौघं. बंदूक न उचलता. आणि एकाची हाक आली, की बाकीच्यांनी बघत बसायचं न्हाय. थोरल्याला चौघांवर एकदम चढता येत न्हाय. त्याला एकेकटा गाठायला लागतो."

एका मुलानं हात वर केला. "सर, तो पोरगा वाचला का?"

"न्हाय. म्या मारला त्याला. कंपनीच्या कागदावर 'पाण्यात पडला' असं लिहिलंय. मी सही केली न्हाय. त्याचं नाव कळावं म्हनून तीन पत्रं पाठवली. कोणी सांगितलं न्हाय."

कोणीतरी हे मोबाइलवर घेतलं होतं. 'म्या मारला त्याला' एवढाच तुकडा दोन दिवसांत सगळीकडे फिरला. निम्मे लोक त्यांना खुनी म्हणत होते, आणि उरलेले वाघ. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटली, आणि ती खरी ठरली. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या फाटकावर पंधरा-वीस जण ढोल आणि हार घेऊन आले. शत्रूचा सैनिक लोळवणाऱ्या पुणेकराचा सत्कार करायचा होता. ते बाहेर गेले. त्यांच्या गळ्यात हार पडला, तो त्यांनी काढला आणि हातात परत दिला.

"कोणाच्या तरी पोराच्या मढ्यावरचा हार हाय हा. घेऊन जावा."

"अहो काका, आम्ही तुमचा मान करतोय!"

"माझा नगं. त्याचं नाव शोधून आणा, त्याचा करू."

कोणी ढकललं ते कळलं नाही. सत्कार करायला आलेल्यांनीच त्यांना फाटकाच्या लोखंडावर आपटलं, ढोलाच्या टिपरूनं पाठीत मारलं, खाली पडल्यावर लाथा घातल्या. पुढचे दोन दात गेले. आणि आता जे सांगते, ते मी स्वतः पाहिलंय. मेसमध्ये नुसती बघत राहिलेली, मग महिनाभर साखळी घासलेली ती मुलं फाटकावरून उड्या टाकून बाहेर आली आणि त्यांच्याभोवती कडं करून उभी राहिली. एकानंही हात उचलला नाही. तिघांची डोकी फुटली, पण कडं सुटलं नाही. ढोलवाले थोडा वेळ शिव्या देत राहिले आणि गेले.

प्राचार्यांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. संस्थेचं नाव खराब होतंय म्हणे. त्यांनी तो मलाच लिहायला लावला. "इंग्रजीत लिवा, म्हंजी त्यांना वाईट वाटणार न्हाय."

मग ते आठ-दहा दिवस रोज दुपारी माझ्याकडे यायचे. तोंड सुजलेलं, बोलताना शीळ वाजायची. मी मुलांना रेडिओवर बोलायचं इंग्रजी शिकवते, लहान, स्पष्ट वाक्यं. त्यांना तशी चाळीस वाक्यं हवी होती. मासेमारांसाठी, कुठल्याही देशाच्या. मी बुडतोय. माझ्यावर जहाज घालताहेत. आम्ही सहा जण आहोत. मी जवळ आहे. मी येतोय. प्रत्येक वाक्य ते मोठ्यानं म्हणून बघायचे. जीभ अडखळली की म्हणायचे, "तोंडात पाणी असताना हे म्हनता येनार न्हाय. सोपं करा." मी सोपं करायचे.

म्हाताऱ्याचं प्रेत गावी पोचवायला गेले होते, तेव्हा त्याच्या मुलीची ओळख झाली होती. ती तिकडे शाळेत शिकवते. वाक्यांची वही घेऊन ते तिच्याकडे गेले. पहिल्यांदा महिनाभर, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून मासेमारांना वाक्यं पाठ करून घ्यायचे. सरकारं बांध ठरवतील तेव्हा ठरवतील, तोवर होड्यांनी तरी एकमेकांना ओ द्यावी, एवढाच त्यांचा हिशेब. सुरुवातीला अकरा होड्या होत्या. मग शेजारच्या देशातल्या काही आल्या. एकदा फोनवर मला म्हणाले, "थोरल्या देशाचे दोघं आलेत. चोरून. त्यांनाबी सरकारच्या जहाजांचा ताप हायच की."

चौथ्या वेळी ते परत आले नाहीत.

त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या, तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पायऱ्या चढून दम लागला होता. हातात फोन होता, त्यावर म्हाताऱ्याच्या मुलीचं लांबलचक इंग्रजी पत्र. "फोनवर तिनं रडत काहीतरी सांगितलं. गेले ते कळलं. बाकी काय ते तुम्ही वाचा, बाई."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. ते एका होडीवर होते. पांढऱ्या जहाजानं पहिल्यांदा पाणी मारलं, मग होडी चेपली. डोलकाठी मोडून त्यांच्या छातीवर आली. रेडिओ त्यांच्याच हातात होता. माणसं किती, कुठे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. आवाज स्पष्ट होता, असं तिनं लिहिलं होतं. होडीवरची सहाच्या सहा माणसं वाचली. हे तेवढे डोलकाठीसकट खाली गेले.

"वाचवलं कोणी त्यांना?" पत्नीनं विचारलं.

"तीन होड्या आल्या."

"तिथल्याच?"

"एक त्यांच्या शेजारच्या देशातली. एक त्याच्या पलीकडची." मी पुढची ओळ दोनदा वाचली. "तिसरी थोरल्या देशाची. तिच्यावरचा कोळी सगळ्यात आधी पोचला. पण त्याचं नाव कुठे लिहू नका म्हणतोय. त्याला घरी परत जायचंय."

त्यांनी पदरानं फोनची काच पुसली, खरं तर ती स्वच्छच होती.

"त्या पोरीला पत्र लिहायचंय. तुम्ही इंग्रजी करा."

"सांगा."

"त्या तिघांना म्हणावं, घर हाय वारज्यात. कधी इकडं आलात तर हॉटेलात उतरू नका. आमच्याकडं या. जेवायला असंल ते खाऊ."

मी लिहिलं. तिसऱ्या माणसाचं काय करायचं, असं विचारलं, कारण त्याला नावच नव्हतं.

"नाव कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "पत्ता नीट लिवा म्हंजी झालं."

मग त्यांनी पत्ता सांगितला. रस्ता, बिल्डिंगचा नंबर, जिना कुठला, बेल बिघडलीय म्हणून दार वाजवा. मी तो अक्षर अन् अक्षर, पिनकोडसकट, तीनदा लिहिला.